घर हीच पहिली पाठशाळा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त फुलपाडा येथे झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)

 

सुवर्णमहोत्सवाच्या या व्यासपीठावरून विद्वानांची, अभ्यासकांची व्याख्याने झाली. त्यांच्या पंक्तीत बसण्याची माझी योग्यता नाही. मी एक गृहिणी आहे. माहेर सांगलीकडचे, सासर फुलपाड्याचे. आम्ही आमच्या धाकट्या मुलीला तीन वर्षे शाळेत न घालता घरीच शिकविले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्यावेळी कोणी कौतुक केले, कोणी काळजीपोटी कानउघाडणी केली. कार्यक्रम समितीने मला सांगितले, ‘ताई, त्या तीन वर्षांत घरात नेमके काय घडले ते सांगा. यशाची कथा नको, खरे सांगा.’ त्या आज्ञेनुसार मी उभी आहे. सांगताना माझ्या चुकाही सांगणार आहे, कारण त्या लपविल्या तर हे भाषण म्हणजे नुसती आत्मस्तुती होईल.

आरंभी एका चित्राचे स्मरण करू. भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन कन्यांना विद्या दिली, ही कथा आपण सर्वांनी पाठशाळेत ऐकली आहे. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात ती विस्ताराने येते. ब्राह्मीला उजव्या हाताने अक्षरे लिहून दाखविली, सुंदरीला डाव्या हाताने अंक. गुरुकुल नाही, फळा नाही. पित्याच्या मांडीवर बसलेल्या दोन मुली आणि अक्षर गिरवणारा हात. आपल्या परंपरेत अक्षरविद्येचा प्रारंभ घरात झाला, मुलींपासून झाला आणि तो पित्याने केला. या तिन्ही गोष्टी विचार करण्यासारख्या आहेत.

पुढच्या काळातही आपल्या देशाने असे घर पाहिले आहे. १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकविले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी. दिवसभर संसाराचा व्याप. म्हणून पहाटे लेकीला जागे करून त्या पाठ देत. स्वतः लक्ष्मीबाईंना शिकविले होते त्यांचे पती अनंतशास्त्री डोंगरे यांनी, समाजाचा विरोध सोसून. तेव्हा मुलींसाठी शाळेचे दार बंद होते, म्हणून घराचे दार उघडावे लागले. आज शाळांची दारे उघडी आहेत. मग आम्ही हा मार्ग का धरला, असा प्रश्न आपण विचाराल, आणि तो योग्यच आहे.

त्याचे उत्तर फार उदात्त नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि शाळा बंद झाल्या. आमचा मुलगा तेव्हा पाचवीत जाणार होता, मुलगी चार वर्षांची. घर दोन खोल्यांचे, माणसे सहा आणि स्मार्टफोन एक. मुलाचे वर्ग त्या एका फोनवर भरू लागले. मुलीच्या बालवर्गाची वेळही तीच. एकाने शिकायचे तर दुसऱ्याने थांबायचे. चार वर्षांच्या लेकराने पडद्याकडे टक लावून बसावे हे यजमानांना पटेना आणि मलाही पटेना. आम्ही ठरविले, हिला मी घरीच शिकवीन. शाळा सुरू होईतो, असे तेव्हा म्हटले होते. शाळा सुरू झाल्या तेव्हा मात्र घडी अशी बसली होती की ती मोडवेना. म्हणता म्हणता तीन वर्षे झाली.

आता त्या घडीविषयी सांगते, कारण घरी शिकविणे म्हणजे पुस्तके आणणे नव्हे, घराची घडी बसविणे होय.

पुन्हा लोकल सुरू झाल्यावर यजमान पहाटेच घराबाहेर पडू लागले. विरारच्या घरांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर उगवतो, हे आपणास सांगायला नको. ते गेले की णमोकार मंत्र आणि त्यानंतर नळाचे पाणी. पाणी गाळणे हा मुलीचा पहिला पाठ ठरला. घागरीच्या तोंडाला दुहेरी कापड बांधायचे, तांब्याने पाणी ओतायचे आणि मोजायचे. एका घागरीत किती तांबे मावतात? मोठ्या पिंपात किती घागरी? अर्धी घागर भरली तर किती तांबे राहिले? बेरीज, वजाबाकी आणि निम्मे हे तिन्ही शब्द तिला पाटीवर भेटण्याआधी पाण्यात भेटले. गाळण्यावर उरलेले, ज्याला आपण जिवाणी म्हणतो, ते काळजीपूर्वक पाण्यात परत सोडायचे. ‘डोळ्यांना दिसत नाही त्याचीही काळजी घ्यायची का?’ असे तिने एकदा विचारले. त्या प्रश्नावर मी पाच मिनिटे बोलले आणि सासूबाई एक वाक्य बोलल्या, ‘दिसत नाही म्हणूनच घ्यायची.’ लक्षात राहिले ते त्यांचे वाक्य.

त्यानंतर धान्य निवडणे. सुपात तांदूळ घेऊन सासूबाई बसत, शेजारी ही. खडे एका बाजूला, भाताची टरफले दुसऱ्या बाजूला, किडा सापडला तर कागदावर घेऊन बाहेर झाडाखाली. येथून इंद्रियांचा खेळ निघाला. गांडूळ द्वींद्रिय, मुंगी त्रींद्रिय, माशी आणि फुलपाखरू चतुरिंद्रिय, आपण पंचेंद्रिय. रस्त्याने जातानाही ती प्रत्येक जिवाचा वर्ग लावू लागली. वर्गीकरण हा शास्त्राचा पाया असतो असे म्हणतात. आपल्या पूर्वजांनी तो पाया दयेवर रचला, आणि म्हणून तो मुलांच्या हाती निर्धास्त देता येतो.

सर्वांत मोठा पाठ मात्र संध्याकाळी असे. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण. मुलीला घड्याळ कळेना. मोठा काटा, छोटा काटा यांत तिची गफलत होई. मग आम्ही भिंतीवर एक वही टांगली. कॅलेंडरवरून रोजचा सूर्यास्त पाहायचा, वहीत लिहायचा आणि पाने किती वाजता मांडायची ते तिने सर्वांना सांगायचे. घरातला तो अधिकार तिचा. आठ दिवसांत घड्याळ आले. वर्षभरात आणखी काही आले. आपल्याकडे नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या आरंभी सव्वासात उलटून गेल्यावर. दोन्हींतला फरक सुमारे एक तास वीस मिनिटांचा, हे तिने वहीतून काढले. तिला एक नवलही दिसले. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, असे भावाच्या पुस्तकात होते; पण वहीत सूर्य लवकरात लवकर मावळण्याचे दिवस डिसेंबर लागण्यापूर्वीच येऊन गेले होते. सूर्योदय मात्र जानेवारीपर्यंत उशिरा-उशिरा होत राहतो, म्हणून दिवसाची लांबी वेगळी ठरते, हे समजून घेण्यासाठी मलाही मुलाचे पुस्तक उघडावे लागले. पंचवीस वर्षे मी सूर्यास्तापूर्वी जेवत होते. सूर्याकडे पाहिले ते त्या वर्षी.

दुपारी दीड-दोन तास लेखन-वाचन. आठवड्यातून एकदा बाहेर पडणे. कधी पापडखिंडीच्या धरणावर जाऊन पाणी किती चढले ते काठावरच्या खुणेवरून पाहायचे. कधी जीवदानीच्या डोंगराच्या पायऱ्या मोजत चढायच्या. शंभर झाल्या की एक खडा खिशात. आगाशीला मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनाला जायचे. नालासोपाऱ्याचा स्तूप पाहायचा. आयंबिलच्या ओळीत आपण श्रीपाल राजाची कथा ऐकतो, त्यात सोपारक नगराचे नाव येते. ते नगर म्हणजे लोकलने एक स्थानक अलीकडचे आपले सोपारे, हे कळल्यावर मुलीला कथाच जवळची वाटू लागली. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्या स्तूपाचे उत्खनन केले आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्यांना सोपाऱ्यातच मिळाला. त्यावरची लिपी ब्राह्मी. ऋषभदेवांनी ब्राह्मीला शिकविली म्हणून आपण जिला ब्राह्मी म्हणतो, तीच. ब्राह्मीतला ‘क’ अगदी अधिकच्या चिन्हासारखा असतो. ते पाहून मुलगी म्हणाली, ‘म्हणजे ब्राह्मीने सुंदरीचे चिन्ह घेतले!’ इतिहासाच्या दृष्टीने ते बरोबर नसेल. पण अक्षर ही माणसाने काढलेली रेघ आहे, आभाळातून पडलेली वस्तू नव्हे, एवढे तिला त्या दिवशी उमगले.

बंधू-भगिनींनो, येथवर ऐकून आपणास वाटेल की सारे कसे गोड चालले होते. आता दुसरी बाजू सांगते.

मुलगी सहाव्या वर्षात आली तरी तिला जोडाक्षरे वाचता येईनात. काना-मात्रा येत, ‘स्त’, ‘क्ष’, ‘र्य’ आले की अडे. शेजारची तिच्याच वयाची मुलगी इंग्रजी पुस्तक घडाघडा वाचू लागली. नातेवाईक घरी आले की सहज विचारीत, ‘काय गं, वाचून दाखव बघू.’ त्या ‘बघू’मध्ये परीक्षा तिची नसे, माझी असे, आणि मी प्रत्येक वेळी नापास होत असे. माझ्या मनात भीती शिरली. भीतीचा राग झाला. दीड तासाचा अभ्यास तीन तासांवर गेला. एके दुपारी ‘सूर्यास्त’ हा शब्द, जो ती रोज स्वतःच्या वहीत लिहीत होती, तोच तिला पुस्तकात वाचता येईना. माझा तोल सुटला. मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि न बोलावे ते बोलले.

ती रडली नाही. पुस्तक मिटून बसली. दुसऱ्या दिवशी पुस्तक सापडेना. चार दिवसांनी ते तांदळाच्या डब्यामागे मिळाले. त्यानंतर कित्येक आठवडे तिने कोणतेही पुस्तक हातात घेतले नाही. सूर्यास्ताची वहीसुद्धा थांबली. ज्या घरात मुंगीसुद्धा कागदावर उचलून बाहेर ठेवतात, त्या घरात माझ्या हातून एका पंचेंद्रिय जिवाला, माझ्याच लेकराला, हे दुःख झाले. ‘अहिंसा परमो धर्मः’ हे वाक्य आमच्या भिंतीवर चौकटीत लावलेले आहे. त्या भिंतीखालीच हे घडले.

त्या रात्री सासूबाई मला म्हणाल्या, ‘शाळेतली बाई रागावली तरी मूल संध्याकाळी आईकडे येतं. हिची बाईही तूच आणि आईही तूच. पोरीनं जायचं कुठं?’

या एका वाक्याने मला जे शिकविले ते कोणत्याही पुस्तकाने शिकविले नसते. घरी शिकविण्यातला खरा धोका अभ्यासक्रम मागे पडण्याचा नाही. मुलाला पळून यायला जागा उरत नाही, हा आहे. शाळेला सुट्टीची घंटा असते. घराला ती नसते. आई जर चोवीस तास शिक्षिका झाली तर मूल अनाथ होते.

त्या वर्षी पर्युषणाच्या शेवटी, क्षमावाणीच्या दिवशी, मी मोठ्यांच्या पाया पडण्यापूर्वी मुलीसमोर बसले आणि तिला हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. ती गोंधळली. मग म्हणाली, ‘पुस्तकाबद्दल?’ मी म्हटले, ‘पुस्तकाबद्दल, आणि माझ्या हाताबद्दल.’ आपण दरवर्षी शेकडो जणांची क्षमा मागतो, आता संदेशही पाठवितो. ज्याच्याशी खरोखर वागणे चुकले त्याच्यासमोर बसणे किती कठीण असते, ते मला त्या दिवशी कळले.

त्यानंतर आम्ही तीन नियम केले. अभ्यास एक तासच. घरात पितळी घंटा होती ती तास संपला की मुलीनेच वाजवायची. घंटा झाली की बाई गेली, आई आली. आणि पाहुण्यांसमोर वाचून दाखविणे बंद.

वाचायला तिला शेवटी मी शिकविले नाही. सासूबाईंनी शिकविले, आणि त्यांनीही शिकवायचे म्हणून शिकविले नाही. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता, अक्षरे पुसट दिसत. भक्तामर स्तोत्र त्यांना मुखोद्गत. पण वयोमानाने मधेच एखादी ओळ निसटे. त्या नातीला म्हणत, ‘पुढचं अक्षर कोणतं ते सांग गं.’ ती पुस्तकात बोट ठेवून अडखळत एक शब्द वाची आणि आजी उरलेली ओळ म्हणत. चुकले तर आजी न पाहता दुरुस्त करीत, हसत. संस्कृत जोडाक्षरांनी भरलेली ती अठ्ठेचाळीस काव्ये; काही महिन्यांत एकही जोडाक्षर तिला परके राहिले नाही. माझ्यासमोर वाचणे म्हणजे परीक्षा देणे होते. आजीसाठी वाचणे म्हणजे आजीच्या उपयोगी पडणे होते. आपली कोणाला गरज आहे, हे कळले की मूल शिकते.

ही गोष्ट आमच्या घरापुरती नाही, हे मला नंतर वाचताना कळले, आणि तेही आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासातून. पूज्य ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे आपण ऐकली असतील. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. दोन्ही गावे आजच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरविली. महागडी साधने आणण्याऐवजी बिया, खडे, शिंपले यांवर मुले शिकली. आमच्या सुपातले खडे आणि जीवदानीच्या पायऱ्यांचे खडे मला तेथे पुन्हा भेटले. ताराबाईंचे मार्गदर्शक गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे, या चिंतेतून ते बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० मध्ये भावनगरला त्यांनी बालमंदिर उघडले. एका घरातला प्रश्न त्यांनी गावाचा प्रश्न केला, हे मला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते.

महात्मा गांधींनीही दक्षिण आफ्रिकेत मुलांना शाळेत न घालता स्वतः शिकविण्याचा प्रयत्न केला. घरापासून कचेरीपर्यंत पायी जाता-येता ते मुलांना शिकवीत. परंतु आपण पुरेसा वेळ देऊ शकलो नाही, आणि शालेय शिक्षण न मिळाल्याची खंत मुलांना राहिली, हे त्यांनीच आत्मकथेत प्रांजळपणे लिहिले आहे. आपण घेतलेल्या निर्णयाचे मोल मुले चुकवितात, हे इतक्या थोर पुरुषाने मान्य केले. मग आपण सामान्यांनी किती सावध असावे!

उलट बाजूचेही उदाहरण आहे. मुंबईच्या मालविका जोशी हिने दादरच्या शाळेतून सातवीत नाव काढले आणि ती घरीच शिकली. आईने त्यासाठी स्वतःची नोकरी सोडली. संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळविली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्रवेश मिळाला. त्यावेळी वृत्तपत्रांत मोठे मथळे आले. त्या बातमीतले एक वाक्य मात्र मला अधिक महत्त्वाचे वाटते. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने तिला आपल्या आयआयटीत प्रवेश घेता येत नव्हता. म्हणजे ज्ञान असूनही कागद नसेल तर काही दारे बंद राहतात. प्रत्येक घरात मालविका नसते. कागद मात्र प्रत्येकाला लागतो.

हे मला आणखी एका प्रसंगाने कळले. जुलै २०२२ मध्ये शाळाबाह्य मुलांचा शोध घेण्याची मोहीम राज्यभर झाली. भर पावसात एक शिक्षिका यादी घेऊन आमच्या दारी आल्या. ‘सहा वर्षांची मुलगी आहे असे समजले. शाळेत नाव आहे का?’ मला अपराध्यासारखे झाले. सासूबाई म्हणाल्या, ‘आत या, बाई. भिजलात.’ त्या बसल्या, चहा घेतला, मुलीची वही पाहिली, तिच्याकडून दोन ओळी वाचून घेतल्या. निघताना मला म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही शिकविता आहात हे दिसते. पण नाव कुठेतरी असू द्या. नाव नसलेले मूल मोजले जात नाही.’

त्यांचे म्हणणे कायद्यालाही धरून होते. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे त्याच्या दहाव्या कलमात म्हटले आहे. घरी शिकविण्याचा स्पष्ट उल्लेख त्यात नाही आणि पालकांना शिक्षाही सांगितलेली नाही. परंतु शिक्षा नाही म्हणून कर्तव्य संपत नाही, हे आपल्या धर्मात वाढलेल्यांना कोणी सांगायला नको. ज्यांना घरीच शिकवायचे आहे त्यांनी मुक्त विद्यालयांची माहिती आधी घ्यावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून कार्यरत आहे. तिच्या मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे तीन स्तर आहेत, आणि चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर तिची दहावीची परीक्षा देता येते. आपल्या राज्य शासनानेही मुक्त विद्यालय मंडळ सुरू केले आहे. राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा अर्ज तर आपल्या पिढीलाही ठाऊक आहे.

आम्ही मुलीला पुन्हा शाळेत घातले ते कायद्याच्या भीतीने नव्हे. सकाळी सात वाजता खाली गणवेशातली मुले जमत, आणि ही गॅलरीच्या गजाला धरून उभी राही. एकदा तिने बाहुल्यांची शाळा मांडली होती. सर्व बाहुल्यांना सारख्याच रंगाच्या चिंध्या गुंडाळलेल्या. मी विचारले, तर म्हणाली, ‘हा त्यांचा गणवेश. माझा कोणता?’ मला उत्तर देता आले नाही. आजी, आजोबा, आई, बाबा, दादा, सर्व मोठे. तिच्या उंचीचे घरात कोणीच नव्हते. घर तिला सर्व काही देऊ शकले, मैत्रीण देऊ शकले नाही.

जून २०२३ मध्ये ती एकदम दुसरीत दाखल झाली. वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. कागदपत्रांचे दोन हेलपाटे सोडले तर अडचण आली नाही. पहिले काही दिवस रांगेत उभे राहणे, विचारल्याशिवाय न उठणे तिला जड गेले. आज ती चौथीत आहे. वर्गात पहिली नसते, शेवटचीही नसते. सूर्यास्ताची वही मात्र अजून तिच्याकडेच आहे आणि पाने मांडण्याची वेळ अजून तीच सांगते.

मग ही तीन वर्षे वाया गेली का? मी म्हणेन, नाही. या तीन वर्षांत मुलगी जितके शिकली त्याहून अधिक आमचे घर शिकले. सासूबाईंना वयाच्या सत्तराव्या वर्षी आपण कोणाच्या तरी गुरू आहोत हे कळले. यजमानांनी रविवारचा दिवस वृत्तपत्रातून काढून मुलांना दिला. मुलगा बहिणीच्या प्रश्नांमुळे आपली पुस्तके नीट वाचू लागला. आणि मला माझा क्रोध दिसला, जो आजवर कामाच्या गडबडीत दडून राहत असे.

म्हणून ज्या तरुण माता-पित्यांच्या मनात हा विचार आहे त्यांना माझी नम्र विनंती आहे. शाळेवर रागावून मुलाला घरी ठेवू नका. क्रोधातून घेतलेले व्रत टिकत नाही. एकटी आई हे करू शकत नाही, घरातील प्रत्येकाने नियम घेतला तरच करा. घंटा ठेवा. नाव कुठेतरी असू द्या. आणि मूल गॅलरीत उभे राहू लागले तर आपला हट्ट सोडा. ज्यांची मुले शाळेत जातात त्यांनीही असे समजू नये की आपला प्रश्न सुटला. शाळा पाच-सहा तासांची. पाणी गाळणे, धान्य निवडणे, आजीला वाचून दाखविणे हे त्या वेळेबाहेरचे आहे आणि त्यासाठी शाळा सोडावी लागत नाही.

शेवटी विश्वस्त मंडळापुढे पदर पसरते. आपल्या सभागृहात संध्याकाळी पाठशाळा भरते, सकाळी ते बंद असते. आपल्या वस्तीत घरी बसून कंटाळलेले ज्येष्ठ आहेत, ज्यांना स्तोत्रे पाठ आहेत, हिशेब तोंडी येतात, मोडी वाचणारे एक-दोन जण आहेत. आणि आई-वडील दोघेही लोकलने गेल्यामुळे कुलूपबंद घरात किंवा मोबाइलसमोर बसणारी बालके आहेत. सकाळचे दोन तास सभागृह उघडावे, दोन चटया अंथराव्यात, सुपात थोडे धान्य, पाण्याची एक घागर आणि काही पुस्तके ठेवावीत. कोणत्याही पंथाचे, कोणत्याही शाळेचे मूल तेथे यावे. गिजुभाईंनी आणि ताराबाईंनी जे केले त्याचा हा एक कण होईल. ट्रस्टने पन्नास वर्षांत मंदिर दिले, पाठशाळा दिली. एक्कावन्नाव्या वर्षी आजी आणि नात यांना एकत्र बसायला एक चटई द्यावी. पहिल्या दिवशी धान्य आणि घागर मी आणीन, आणि सासूबाईंनी येण्याचे कबूल केले आहे.

बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले असेल, जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.